इंग्रजीची सफाई आणि जातीचा वारसा

बेंगळुरूच्या नामवंत शिक्षणसंस्थांत विद्यार्थ्याची हुशारी मुख्यतः त्याच्या इंग्रजी लेखनावरून जोखली जाते. कायदा, समाजशास्त्र, व्यवस्थापन, शिक्षणशास्त्र, विषय कोणताही असो, प्रकल्प, निबंध आणि शोधनिबंध यांवर गुणपत्रिकेचा मोठा भाग उभा असतो. या लेखनाला गुण देताना दोन वेगळ्या गोष्टी एकाच मापाने मोजल्या जातात. एक विद्यार्थ्याने केलेला विचार, आणि दुसरी तो विचार ज्या इंग्रजीत उतरला तिची सफाई. विचार कॉलेजात घडवता येतो. सफाई मात्र बहुतेकांनी घरून आणलेली असते. आईवडिलांचे शिक्षण, घरातली पुस्तके आणि कॉन्व्हेंट शाळेतली वर्षे यांतून ती येते, आणि भारतात या गोष्टी कोणाच्या वाट्याला किती आल्या हे फार मोठ्या प्रमाणात जातीने ठरवले आहे. त्यामुळे सफाईला दिलेला गुण पुष्कळदा जातीच्या वारशाला दिलेला गुण असतो. गुणपत्रिकेवर तो गुणवत्ता म्हणून उमटतो.

अमेरिकेत हाच प्रश्न वंशाच्या संदर्भात पन्नास वर्षांहून अधिक काळ धसास लावला जात आहे. हार्वर्डने १८७४ मध्ये प्रवेशपरीक्षेत इंग्रजी निबंध आणला आणि पुढे पहिल्या वर्षाला लेखनाचा सक्तीचा अभ्यासक्रम ही तिथल्या कॉलेजांची रीतच झाली. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने शहरातल्या शाळांतून उत्तीर्ण होणाऱ्या सर्वांना प्रवेश खुला केला. कृष्णवर्णीय, पोर्तो रिकोहून आलेली आणि कामगारवर्गातली मुले पहिल्यांदाच एवढ्या संख्येने वर्गात आली. त्यांचे निबंध वाचून अनेक प्राध्यापकांनी हात टेकले. मीना शॉनेसी या प्राध्यापिकेने मात्र असे सुमारे ४,००० निबंध बारकाईने तपासले आणि १९७७ च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिले की, या चुका आळसातून किंवा मंदपणातून आलेल्या नाहीत. त्यांच्यामागे विद्यार्थ्याने स्वतःशी बांधलेले नियम असतात, आणि ते ओळखले तर शिकवता येते. त्याआधी १९७४ मध्ये कॉलेजात लेखन शिकवणाऱ्या अमेरिकी शिक्षकांच्या संघटनेने ठरावच केला होता की, विद्यार्थ्याला स्वतःच्या बोलीचा हक्क आहे. प्रमाण इंग्रजी म्हणून जी शिकवली जाते ती एका सत्ताधारी गटाची बोली आहे, हे त्या ठरावामागचे म्हणणे होते.

गोऱ्या माणसाच्या विशेषाधिकाराची चर्चा १९८८ मध्ये पेगी मॅकिन्टॉश यांच्या निबंधाने सर्वदूर नेली. तिचा गाभा असा की, ज्याला हा अधिकार जन्मतः मिळतो त्याला तो दिसत नाही. त्याला तो जगाचा साधा नियम वाटतो. लेखनाच्या वर्गात याचा अर्थ स्पष्ट आहे. गोऱ्या मध्यमवर्गीय घरातल्या मुलाला घरचीच भाषा कॉलेजात गुण मिळवून देते आणि इतरांना आधी घरची भाषा बाजूला ठेवावी लागते. असाओ इनोए यांनी २०१५ च्या पुस्तकात याच कारणासाठी गुणदानाची पद्धतच तपासायला घेतली. शिक्षक मनाने कितीही उदार असला तरी त्याच्या हातातली मोजपट्टी एका वंशाच्या सवयींवरून आखलेली असेल तर निकाल ठरलेलाच असतो, असा त्यांचा मुद्दा आहे.

भारतात कातडीच्या रंगाची जागा जात घेते. हे साम्य महाराष्ट्राने फार आधी ओळखले. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला, आणि शंभर वर्षांनी दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले. पण एक फरक महत्त्वाचा आहे. कातडीचा रंग दिसतो. जात लपते, आणि इंग्रजीत ती अधिक सहज लपते. विवेक धारेश्वर यांनी १९९३ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात याच गोष्टीवर बोट ठेवले. इंग्रजी शिकलेला उच्चवर्णीय माणूस जातीविषयी बोलतो तेव्हा ती त्याला दुसऱ्या कुणाची तरी, देशी भाषांच्या जगातली गोष्ट वाटते, स्वतःची वाटत नाही. धारेश्वर पुढे बेंगळुरूच्याच सेंटर फॉर द स्टडी ऑफ कल्चर अँड सोसायटी या संस्थेत होते. समाजशास्त्रज्ञ सतीश देशपांडे यांनी २०१३ मध्ये ‘खुल्या प्रवर्गा’ची जडणघडण मांडताना हा विचार आणखी पुढे नेला. उच्चवर्णीयांनी जातीचे भांडवल आधीच शिक्षणात, नोकरीत आणि भाषेत वटवून घेतले, म्हणून आता ते स्वतःला जात नसलेले म्हणवू शकतात. जात उरते ती राखीव जागेवर आलेल्याची. अमेरिकेत गोरेपण जसे अदृश्य राहते तसेच बेंगळुरूच्या वर्गात हे जातविरहितपण अदृश्य राहते. अस्खलित इंग्रजी ही त्याची ओळखखूण आहे.

नॅशनल लॉ स्कूल ऑफ इंडिया युनिव्हर्सिटी हे याचे ठळक उदाहरण आहे. देशातले हे पहिले राष्ट्रीय विधी विद्यापीठ कर्नाटक विधिमंडळाच्या १९८६ च्या कायद्याने स्थापन झाले आणि माधव मेनन यांच्या नेतृत्वाखाली १९८८ मध्ये पहिली तुकडी आली. वकिलीचे शिक्षण पाठांतरातून सोडवणे हा मेनन यांचा उद्देश होता. म्हणून प्रत्येक विषयाला लेखी प्रकल्प आणि त्यावर शिक्षकांसमोर मांडणी अशी रीत इथे रुळली. हेतू चांगला होता आणि अनेक बाबतींत तो साधलाही. पण प्रकल्पावर भर देणाऱ्या पद्धतीत पहिल्या सत्रापासूनच ज्याला इंग्रजीत वीस पाने लिहिता येतात तो पुढे जातो. ज्याने बारावीपर्यंत प्रश्नोत्तरे लिहिली त्याला प्रकल्प म्हणजे काय, तळटीप कशासाठी, स्वतःचे मत कुठे मांडायचे हे कुणी सांगितलेले नसते. शिवाय इथला दरवाजाच इंग्रजीचा आहे. सामाईक विधी प्रवेशपरीक्षा २००८ पासून फक्त इंग्रजीत होते आणि २०२० पासून ती लांब उतारे वाचून उत्तरे देण्याच्या स्वरूपाची झाली. गणिताचे आणि सामान्य ज्ञानाचे प्रश्नसुद्धा उताऱ्यांतूनच येतात. वंचित घरांतल्या मुलांना ही परीक्षा देता यावी म्हणून शमनाद बशीर यांनी २०१० मध्ये ‘इडिया’ हा उपक्रम उभारला, त्यामागचे निदान हेच होते. कायद्याची बुद्धी सगळीकडे आहे, तिला लागणारी शिकवणी आणि इंग्रजी सगळीकडे नाही.

कायद्याला इंग्रजी लागते, उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते, मग इंग्रजीवर गुण दिले तर बिघडले काय, असा प्रश्न इथे नेहमी विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. वकिलाला नेमके इंग्रजी यायलाच हवे. पण जे यायला हवे ते शिकवण्याची जबाबदारी संस्थेची असते, आणि नेमका इथेच खड्डा आहे. दंडविधान शिकवले जाते, करार कायदा शिकवला जातो; पण युक्तिवादाचा परिच्छेद कसा बांधावा हे पहिल्या वर्षाला विषय म्हणून तितक्याच गंभीरपणे क्वचितच शिकवले जाते. ते ‘येत असेलच’ असे गृहीत धरलेले असते. जे शिकवलेच नाही त्याची परीक्षा घेतली की निकाल घराचा लागतो, विद्यार्थ्याचा नव्हे.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी शाळांतून आलेला मुलगा बेंगळुरूत पोहोचतो तेव्हा त्याने घरी मराठी, सरकारी व्यवहारात कानडी आणि पुस्तकात इंग्रजी अशा तीन भाषा सांभाळलेल्या असतात. ही क्षमता कुठल्याही गुणपत्रिकेत नोंदली जात नाही. उलट त्याच्या निबंधावर शेरा येतो की मुद्दा स्पष्ट नाही, लेखन पसरट आहे. यात भाषेइतकाच मांडणीच्या रीतीचा प्रश्न असतो. मराठी शाळेत निबंध सुभाषिताने किंवा एखाद्या प्रसंगाने सुरू करायला शिकवतात, विषयाभोवती फिरत फिरत पुढे जायला शिकवतात आणि शेवटी संदेश द्यायला शिकवतात. बेंगळुरूच्या प्राध्यापकाला मुख्य विधान पहिल्याच परिच्छेदात हवे असते, प्रत्येक परिच्छेदात एकच मुद्दा हवा असतो आणि विरोधी मताचा समाचार हवा असतो. दोन्ही पद्धतींना आपापली परंपरा आहे. दुसरी पद्धत शिकायला फार काळ लागत नाही, दोन-तीन महिने नीट लक्ष दिले तर ती हाती येते. पण ‘ही आमच्याकडची रीत आहे आणि ती अशी आहे’ एवढे सांगितलेच जात नाही. रीत माहीत नसणे म्हणजे विचार करता न येणे, असा समज मग दोन्ही बाजूंना घट्ट होतो. विद्यार्थ्याच्या मनात तो अधिक घट्ट होतो आणि तो वर्गात बोलणे थांबवतो.

याचा सगळ्यात कठोर परिणाम वाङ्मयचौर्याच्या आरोपात दिसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत साम्य माफ आहे, त्यापुढे १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० टक्क्यांहून अधिक अशा पायऱ्यांनी शिक्षा वाढत जाते. दुसऱ्याचे लेखन आपले म्हणून खपवणे चूकच आहे. पण परक्या भाषेत नव्याने लिहिणारा माणूस मूळ लेखकाच्या वाक्यांचा आधार घेत घेतच लिहायला शिकतो, हे लेखन शिकवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ज्याच्याकडे एकाच गोष्टीसाठी पाच वाक्ये तयार आहेत तो मूळ वाक्य सहज फिरवतो आणि साम्य तपासणाऱ्या यंत्राच्या हाती लागत नाही. ज्याच्याकडे एकच वाक्य आहे तो सापडतो. लबाडी कोणाची अधिक, हे टक्क्यांवरून कळत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेला मजकूर ओळखणाऱ्या यंत्रांनी तर हा अन्याय आणखी वाढवला आहे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये अशी सात यंत्रे तपासली. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक निबंध या यंत्रांनी यंत्रलिखित ठरवले. मर्यादित शब्दसंग्रह आणि सरळ वाक्यरचना हीच संशयाची खूण ठरली. असा निकाल पुरावा म्हणून वापरणे अक्षम्य आहे.

यावर एक सोपा वाटणारा उपाय सुचवला जातो, तो म्हणजे सगळे शिक्षण मातृभाषेत द्या. कर्नाटकाच्या इतिहासात या उपायाची दुसरी बाजू फार तीव्रपणे पुढे आली आहे. नोव्हेंबर १९७३ मध्ये देवराज अरसू यांच्या मंत्रिमंडळातले दलित मंत्री बी. बसवलिंगप्पा यांनी म्हैसूरच्या एका सभेत कन्नड साहित्यात बराचसा बूसा, म्हणजे गुरांचा कोंडा आहे असे उद्गार काढले आणि ज्ञान हवे असेल तर इंग्रजी शिका असे सांगितले. राज्यभर आंदोलन पेटले, दलित विद्यार्थ्यांवर हल्ले झाले आणि बसवलिंगप्पांना मंत्रिपद सोडावे लागले. बेंगळुरूत तेव्हा विद्यार्थी असलेले कवी सिद्धलिंगय्या त्यांच्या बाजूने उभे राहिले. पुढे जी दलित संघर्ष समिती कर्नाटकात उभी राहिली तिची बीजे या प्रकरणात आहेत. बसवलिंगप्पांच्या शब्दांवर वाद होऊ शकतो. त्यांच्या म्हणण्यातला आशय मात्र खरा होता. ज्या भाषेच्या साहित्याने शतकानुशतके दलितांना दाराबाहेर ठेवले तिचा अभिमान बाळगण्याची सक्ती दलितांवर करणे हा दुसरा अन्याय होता.

महाराष्ट्रात ही मागणी आणखी जुनी आहे. सावित्रीबाई फुल्यांनी १८५४ च्या ‘काव्यफुले’मध्ये शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकण्याची हाक दिली. जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिले तेव्हा शेतकऱ्याच्या कष्टाच्या पैशातून उभे राहिलेले उच्च शिक्षण मूठभर वरच्या वर्गांच्याच पदरात पडते, ही त्यांची मुख्य तक्रार होती. इंग्रजीची ही मागणी आजही तशीच आहे. २०१९ मध्ये कर्नाटक सरकारने १,००० सरकारी शाळांत इंग्रजी माध्यमाचे वर्ग उघडायचे ठरवले तेव्हा अनेक नामवंत कन्नड लेखकांनी विरोध केला आणि दलित संघटनांतून या निर्णयाला पाठिंबा मिळाला. ज्यांची मुले आधीच इंग्रजी शाळेत जातात त्यांनी गरिबांच्या मुलांना मातृभाषेचे महत्त्व सांगावे, हे दलित कार्यकर्त्यांना पटले नाही. पटण्यासारखे नव्हतेच.

शिवाय मातृभाषा म्हणजे जातीपासून सुटका, असेही नाही. प्रमाण मराठीची चौकट पुण्या-मुंबईच्या उच्चवर्णीय लेखनावरून घडली, आणि शाळेत ‘अशुद्ध’ ठरले ते बहुतेक गावकुसाबाहेरचे बोलणे होते. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ मध्ये आला तेव्हा त्यातली मराठी मध्यमवर्गीय मराठी वाचकालाच परकी होती. विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेला त्या अनोळखी जगात वाचकाला नेण्याचे काम करावे लागले. देवनूर महादेव यांची ‘कुसुमबाले’ ही कादंबरी दक्षिण कर्नाटकातल्या दलित बोलीत आहे, आणि कित्येक कन्नड वाचकांना ती अवघड गेली. १९९० मध्ये तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. बेंगळुरूच्या वर्गात इंग्रजीच्या जागी कन्नड किंवा मराठी आणली तरी मोजपट्टी कोणाची, हा प्रश्न तसाच उभा राहील.

म्हणून लेखन शिकवणाऱ्यापुढे दोन टोकांचे मोह असतात. पहिला म्हणजे प्रमाण ते प्रमाण, ज्याला जमत नाही त्याने सोडून द्यावे. दुसरा मोह अधिक सज्जन दिसतो. सगळ्या भाषा सारख्याच, चुका दाखवणे हाच अन्याय, म्हणून काहीच सुधारू नये, असे तो सांगतो. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ लिसा डेल्पिट यांनी १९८८ मध्ये या दुसऱ्या मोहाचा खरपूस समाचार घेतला. सत्तेचे काही अलिखित नियम असतात. सत्ताधाऱ्यांच्या मुलांना ते घरीच मिळतात. इतरांना ते वर्गात उघडपणे सांगितले नाहीत तर ती मुले कायम बाहेर राहतात. उदारमतवादी शिक्षकाच्या मौनाचा तोटा गरीब मुलालाच होतो. बसवलिंगप्पांचे म्हणणे आणि डेल्पिट यांचे म्हणणे इथे एकमेकांना मिळते.

नियम उघडपणे शिकवले तर काय होते, याचा पुरावा बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणात आहे. त्यांचे वडील सुभेदार रामजी लष्करी शाळेत शिक्षक होते. त्यांनी मुलाकडून तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पक्की करून घेतली. मराठी वाक्य, त्याचे इंग्रजी वाक्य, दोहोंतला फरक, नियम आणि पुन्हा सराव अशी ती पद्धत होती. मराठीला कमी न लेखता तिच्या आधाराने इंग्रजी हाती देण्याची ही रीत आजच्या ‘फक्त इंग्रजीतच विचार करा’ या उपदेशापेक्षा कितीतरी प्रामाणिक होती. एल्फिन्स्टन हायस्कुलात जातीमुळे संस्कृतचे दार बंद झालेल्या या विद्यार्थ्याने ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात ‘भारतातील जाती’ हा निबंध वाचला. तेव्हा त्याचे वय २५ होते.

युक्तिवादी लेखनाचा नमुना म्हणून हा निबंध कुठल्याही वर्गात शिकवावा असा आहे. आंबेडकर आधी सेनार, नेसफील्ड, रिझ्ले आणि केतकर या चौघांनी केलेल्या जातीच्या व्याख्या समोर ठेवतात. प्रत्येकीत काय घेण्यासारखे आहे आणि ती कुठे कमी पडते ते दाखवतात. श्रीधर व्यंकटेश केतकरांची व्याख्या त्यांना सर्वांत जवळची वाटते. पण जातीबाहेर विवाहाला बंदी आणि जन्माने सदस्यत्व ही केतकरांनी सांगितलेली दोन लक्षणे मुळात एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, हे ते ठामपणे मांडतात. मग जातीतल्या जातीत विवाह हाच जातीचा प्राण आहे हे स्वतःचे विधान येते आणि सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह या प्रथांचा उलगडा त्या विधानातून होतो. आधीच्यांचे ऋण मान्य करणे, त्यांच्याशी नेमका मतभेद सांगणे आणि मग आपले पाऊल टाकणे, हे शैक्षणिक लेखनाचे सगळे कसब त्यात आहे. बेंगळुरूच्या वाचनयादीत दलित लेखकांची आत्मकथने हल्ली असतात, आणि ती असायलाच हवीत. पण दलितांकडून फक्त अनुभव घ्यायचा आणि युक्तिवाद मात्र इतरांकडून शिकायचा, ही वाटणीच जातीची आहे. ‘बलुतं’सारखे आत्मकथन जिथे वाचले जाते तिथे १९१६ चा निबंधही वाचला गेला पाहिजे, आणि तो गद्याचा आदर्श म्हणून.

बाकीचे उपाय खर्चिक नाहीत. विचाराचे गुण आणि भाषेचे गुण वेगळे लिहावेत, म्हणजे कशात कमी पडलो ते विद्यार्थ्याला कळते आणि चांगला मुद्दा वाकड्या वाक्यापायी वाया जात नाही. पहिला मसुदा मराठीत, कन्नडमध्ये, तेलुगूत लिहायची मुभा द्यावी. अनुदान आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये इंग्रजी माध्यमाच्या अभ्यासक्रमांतही परीक्षेची उत्तरे स्थानिक भाषेत लिहू द्यावीत अशी सूचना विद्यापीठांना केलीच आहे. पुण्याच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे यांनी शिकवण्याची पद्धतच फुले-आंबेडकरी विचारावर उभी करण्याचा प्रयत्न केला आणि २०१० मध्ये त्याची सविस्तर मांडणी केली. वर्गातल्या भाषेचा आणि सत्तेचा प्रश्न त्या मांडणीत टाळलेला नाही. बेंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठाने ‘अनुवाद संपदा’च्या रूपाने अभ्याससाहित्य हिंदी आणि कन्नडमध्ये आणायला सुरुवात केली आहे. ज्याने मूळ विचार आपल्या भाषेत समजून घेतला आहे तो इंग्रजीत उतारा उचलण्याऐवजी वाक्य बांधण्याची शक्यता अधिक असते.

खरा अडथळा शिक्षकाच्या वेळेचा आहे. साठ विद्यार्थ्यांचे मसुदे दोनदा वाचायचे आणि प्रत्येकाशी बोलायचे, तर तास लागतात, आणि ते तास आज कुणाच्याही कार्यभारात मोजले जात नाहीत. बेंगळुरूच्या मोठ्या संस्थांत हे काम बहुधा कंत्राटी शिक्षकांवर, सहायकांवर किंवा वरच्या वर्गातल्या सहृदय विद्यार्थ्यांवर पडते. राखीव जागा भरल्या म्हणजे आपले काम झाले असे मानणाऱ्या संस्थेने मुलाला आत घेतले आहे, शिकवायला अजून सुरुवात केलेली नाही. कर्नाटकातल्या आणि महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी पहिल्या वर्षाचे लेखन हा पूर्ण श्रेयांकांचा, कायम शिक्षकांचा विषय करावा, गुणदानाचे निकष सत्राच्या पहिल्या दिवशी विद्यार्थ्यांच्या भाषेत छापून त्यांच्या हाती द्यावेत, आणि यंत्राच्या टक्केवारीवरून कुणालाही शिक्षा करणे ताबडतोब थांबवावे.